रुपया आणि दिरहम : भावफलक वाचण्याआधी स्वतःचा भाव काढण्याची रीत

नाशिकमधल्या ज्या घरांतली मुले दुबई, शारजा किंवा अबुधाबीत नोकरीला आहेत त्या घरांत, आणि लासलगाव-पिंपळगावहून आखातात कांदा पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर, एक प्रश्न रोज विचारला जातो : आज दिरहम काय भावाने आहे? चार जणांना विचारले तर चार उत्तरे मिळतात. मोबाइलवर एक आकडा दिसतो, कॉलेज रोडवरच्या परकीय चलनाच्या दुकानातील फलकावर दुसरा, बँकेच्या शाखेत तिसरा, आणि मुलाने तिकडून पैसे पाठवल्यावर खात्यात जमा झालेल्या रकमेवरून निघणारा चौथा. हे चारही आकडे आपापल्या जागी खरे असतात. मात्र कोणता आकडा कशासाठी आहे हे ठाऊक नसेल, तर प्रत्येक व्यवहारात शे-दोनशेपासून दोन-तीन हजारांपर्यंतची रक्कम नकळत हातची जाते.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. रुपया आणि दिरहम यांच्यात स्वतंत्र असा भाव जवळजवळ ठरतच नाही. दिरहम डॉलरला पक्का बांधलेला आहे. त्यामुळे रुपयाचा डॉलरशी असलेला भाव कळला की दिरहमचा भाव घरी बसून कागदावर काढता येतो. तो आकडा आधी खिशात ठेवावा आणि मगच फलकाकडे पाहावे. हे कसे करायचे ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. त्याआधी ही बांधणी कुठून आली ते समजून घेतले पाहिजे, कारण त्या इतिहासाचा एक धागा थेट नाशिक रोडपर्यंत येतो.

दोन्ही चलनांचे मूळ

दोन नाण्यांमधला भाव लिहून ठेवण्याची रीत आपल्या गावाला नवी नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखात ७०,००० कार्षापणांच्या (चांदीच्या नाण्यांच्या) दानाची नोंद असून, एका सुवर्णास (सोन्याच्या नाण्यास) ३५ कार्षापण या हिशेबाने ती रक्कम २,००० सुवर्णांची होते, हेही दगडात कोरलेले आहे. पुढे पेशवाईच्या काळात आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवडला होळकरांची टाकसाळ होती. एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्या टाकसाळीच्या रुपयात बदलून देताना सराफ बट्टा कापून घेत. आज फलकावर खरेदी आणि विक्री यांच्या भावांत जे अंतर दिसते, ते त्या बट्ट्याचेच आजचे रूप आहे, आणि या लेखात मी त्याला बट्टा हाच शब्द वापरणार आहे.

‘दिरहम’ हा शब्दही आपल्याला वाटतो तितका परका नाही. ग्रीक ‘द्राख्मा’पासून अरबीत दिरहम झाला आणि त्याच द्राख्मापासून इकडे द्रम्म व त्यातून आपला ‘दाम’ आला. नावांपेक्षाही जवळचे नाते मात्र विसाव्या शतकातले आहे.

१९५० च्या दशकात कुवेत, बहारीन, कतार आणि आज संयुक्त अरब अमिराती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात रोजच्या व्यवहारात भारतीय रुपयाच चालत असे. तिथून सोने चोरट्या मार्गाने भारतात येई, त्याची किंमत रुपयांच्या नोटांत आखातात जाई, आणि त्याच नोटा फिरून रिझर्व्ह बँकेकडे आल्या की त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. परकीय चलनाची गंगाजळी अशी झिजू लागल्यावर १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि फक्त आखातात चालतील अशा वेगळ्या रंगांच्या नोटा काढण्यात आल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. या आखाती रुपयाच्या नोटा आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यातच छापल्या गेल्या, कारण १९२८ पासून देशातील नोटांची छपाई तिथे होत होती. दुबईच्या बाजारात ज्या नोटेवर खजूर आणि कापड विकले जाई, ती नोट आपल्या जेल रोडच्या परिसरातून बाहेर पडलेली असे.

हा आखाती रुपया भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेला होता आणि तीच गोष्ट त्याच्या मुळावर आली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. आखातातल्या व्यापाऱ्याने काहीही केलेले नसताना त्याच्या तिजोरीतल्या पैशाचे मोल त्याच दिवशी एक तृतीयांशाहून अधिक घटले. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आधीच काढला होता. आता कतार आणि दुबई यांनीही १९६६ मध्येच संयुक्त रियाल सुरू केला आणि त्याचे मोल अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाइतके, म्हणजे डॉलरला ४.७६ असे ठेवले. ओमानमध्ये आखाती रुपया १९७० पर्यंत चालला. अमिरातींचा संघ डिसेंबर १९७१ मध्ये स्थापन झाला, १९ मे १९७३ रोजी दिरहम चलनात आला आणि दुबईत तो या रियालच्या जागी एकास एक भावाने आला.

याचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. आजचा दिरहम हा ५ जून १९६६ च्या रुपयाचा थेट वारस आहे. त्या दिवशी हे दोन्ही एकच होते. आज डॉलर ९० रुपयांना धरला, तर एका दिरहमला साधारण साडेचोवीस रुपये पडतात. हे चोवीसपट अंतर कसे तयार झाले, तेही फोडून पाहता येते. डॉलरपुढे रुपया ४.७६ वरून ९० वर गेला, म्हणजे सुमारे १८.९ पट, आणि डॉलरपुढे दिरहम ४.७६ वरून ३.६७ वर आला, म्हणजे तो सुमारे १.३ पटीने वधारला. या दोन्हींचा गुणाकार केला की साडेचोवीस येतात. अंतराचा फार मोठा भाग रुपयाच्या घसरणीतून आलेला आहे आणि दिरहमच्या वाढीचा वाटा लहान आहे. पुढे भाव कोणत्या दिशेने जाईल याचा विचार करताना हे प्रमाण विसरू नये.

दिरहम आज ज्या भावाला बांधलेला आहे तो १ डॉलर = ३.६७२५ दिरहम असा असून नोव्हेंबर १९९७ पासून त्यात बदल झालेला नाही. तेलाची किंमत जगभर डॉलरमध्ये ठरते, तेल विकून मिळणारे उत्पन्न डॉलरमध्ये येते; म्हणून चलनही डॉलरशी जोडून ठेवणे त्या देशाला सोयीचे आहे. तिथली मध्यवर्ती बँक ठरलेल्या भावाने डॉलर घेण्यास आणि देण्यास तयार असते आणि तिच्याकडचा डॉलरचा साठा हा या वचनामागचा आधार आहे. रुपयाची वाट वेगळी आहे. सप्टेंबर १९७५ पर्यंत तो पौंडाशी जोडलेला होता, नंतर निरनिराळ्या चलनांच्या टोपलीशी जोडला गेला, जुलै १९९१ च्या संकटात १ आणि ३ तारखेला दोनदा त्याचे अवमूल्यन करावे लागले आणि मार्च १९९३ पासून त्याचा भाव बाजारात ठरू लागला. रिझर्व्ह बँक मोठे हेलकावे आवरण्यासाठी डॉलर विकते किंवा घेते, पण अमुक एका आकड्याला रुपया धरून ठेवत नाही. म्हणून या जोडीतला एक खुंटा पक्का आहे आणि एकच हलतो.

पहिली पायरी : मधला भाव काढणे

सोमवार ते शुक्रवार, बाजाराच्या प्रत्येक दिवशी दुपारी फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था डॉलरचा संदर्भ दर प्रसिद्ध करते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातही तो मिळतो. त्या दराला ३.६७२५ ने भागावे. समजा डॉलर ९० रुपये आहे, तर ९० भागिले ३.६७२५ म्हणजे २४.५१ रुपये. हा झाला दिरहमचा मधला भाव. पुढची सगळी उदाहरणे मी याच आकड्यावर दिली आहेत. वाचणाऱ्याने आपल्या दिवशीचा आकडा घालावा.

तोंडी हिशेब करायचा असेल तर एक आडाखा उपयोगी पडतो : डॉलर एक रुपयाने हलला की दिरहम सुमारे २७ पैशांनी हलतो. टीव्हीवर डॉलर ५० पैशांनी महागल्याची बातमी आली, तर दिरहम साडेतेरा पैशांच्या आसपास वाढला असे समजावे. त्याच दिवशी कोणी पाऊण रुपयाने भाव वाढल्याचे सांगत असेल, तर ती वाढ बाजाराची नसून सांगणाऱ्याची आहे.

मधल्या भावाने आपल्याला कोणी दिरहम देणार नाही आणि आपल्याकडून घेणारही नाही. तो दुधाच्या मापासारखा आहे. दूध विकत मिळते ते दुसऱ्याच भावाने, पण माप हाती असल्याशिवाय किती कमी भरले ते कळत नाही.

दुसरी पायरी : फलक वाचणे

काही महिन्यांपूर्वी शेजारच्या काकांबरोबर परकीय चलनाच्या एका दुकानात गेलो होतो. त्यांचा मुलगा शारजात असतो आणि काका-काकू पहिल्यांदाच तिकडे निघाले होते. काचेमागच्या फलकावर दिरहमपुढे दोन आकडे होते : २३.६० आणि २५.४०. काकांनी पहिला आकडा पाहून वहीच्या पानावर तीन हजार दिरहमचे ७०,८०० रुपये मांडले आणि तेवढीच तजवीज करून आणल्याचे सांगितले. मी म्हटले, “काका, तो आकडा ते आपल्याकडून घेतात तेव्हाचा आहे. आपण आज घ्यायला आलो आहोत, आपल्याला उजवीकडचा लागेल.” काका क्षणभर थांबले आणि त्यांनी काउंटरवरच्या मुलाला विचारले, “बाळ, मग दोन्हींत एवढं अंतर कशाला रे?” त्या मुलाकडे उत्तर नव्हते.

फलकावरची ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ ही नेहमी दुकानदाराच्या बाजूने लिहिलेली असतात, आपल्या बाजूने नव्हे. आपण दिरहम घेणार असू तर आपल्याला ‘विक्री’चा आकडा लागू होतो, उरलेले दिरहम परत देणार असू तर ‘खरेदी’चा. मधल्या भावाशी तुलना केली तर त्या फलकावर विक्रीत ८९ पैसे, म्हणजे सुमारे ३.६ टक्के बट्टा होता आणि खरेदीत ९१ पैसे, म्हणजे सुमारे ३.७ टक्के. रोख नोटा आणून ठेवणे, त्यांचा विमा, त्यांत अडकलेले भांडवल, बनावट नोटेची जोखीम, असा खर्च दुकानदाराला असतोच. तेव्हा बट्टा मुळीच नसावा अशी अपेक्षा रास्त नाही. पण दिरहम हे आपल्या भागात मागणी असलेले चलन आहे, आणि माझ्या मते त्याच्या रोख नोटांसाठी दोन टक्क्यांपेक्षा जास्त बट्टा देण्याआधी आणखी दोन ठिकाणी विचारावे. त्या दिवशी आम्ही तसेच केले आणि दुसऱ्या ठिकाणी २४.९५ भाव मिळाला. तीन हजार दिरहममागे १,३५० रुपयांचा फरक पडला.

भाव विचारताना आपल्याला किती दिरहम हवे आहेत ते आधी सांगावे, कारण रक्कम मोठी असेल तर भाव उतरवून मिळतो. विमानतळावरचा काउंटर हा शेवटचा पर्याय ठेवावा. तिथे येणाऱ्याला दुसरीकडे जाण्यास वेळ नसतो हे तिथला भाव ठरवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

तिसरी पायरी : हाती पडणारा खरा भाव

फलकावरचा भाव हाही शेवटचा भाव नव्हे. परकीय चलनाच्या व्यवहारावर जीएसटी लागतो, आणि तो पूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरवलेल्या एका छोट्या रकमेवर असतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर घेतात. म्हणजे काकांच्या ७४,८५० रुपयांवर सेवामूल्य ७४८.५० आणि कर सुमारे १३५ रुपये. एक लाखाच्या पुढे दहा लाखांपर्यंत, सेवामूल्य १,००० रुपये अधिक एक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का असे मोजतात. पावतीवर याहून जास्त कर दिसला तर हिशेब विचारावा. ‘सेवा शुल्क’ या नावाने वेगळी रक्कम लावली असेल तर तीही मिळवावी.

मग एकच भागाकार करायचा : खिशातून गेलेले एकूण रुपये भागिले हातात आलेले दिरहम. काकांच्या बाबतीत ७४,९८५ भागिले ३,०००, म्हणजे २४.९९५. हाच खरा भाव. दोन ठिकाणांची तुलना याच आकड्याने करावी, फलकाच्या आकड्याने करू नये.

प्रवासासाठी चलन घेताना पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागतो. ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे चलन रोख पैसे देऊन मिळत नाही. चेक, कार्ड किंवा खात्यातून रक्कम द्यावी लागते. प्रत्येक प्रवासात रोख नोटा ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येतात, म्हणजे सुमारे ११ हजार दिरहम. त्यापुढची रक्कम कार्डावर घ्यावी. भारतीय नोटा २५ हजार रुपयांपर्यंत जवळ ठेवता येतात. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला परदेशी पाठवण्याची वा नेण्याची एकूण मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपलीकडच्या रकमेवर बँक आधीच कर कापून घेते. शिक्षण आणि उपचार यांसाठीचा दर कमी असतो, इतर बहुतेक कारणांसाठी तो २० टक्के आहे. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. पण तोवर पैसा अडकून राहतो, म्हणून मोठी रक्कम पाठवणाऱ्याने वर्षाचा हिशेब आधी मांडावा. हे दर अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, तेव्हा पाठवण्याच्या दिवशी बँकेत विचारून घ्यावे.

दुकान रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले आहे का, हे परवान्याची चौकट पाहून खात्री करावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. उरलेले चलन परत देताना ती पावती लागते.

चौथी पायरी : तिकडे खर्च करताना

सगळी रक्कम रोख नेण्याची गरज नसते. आपल्या नेहमीच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने दुबईत खर्च केला, तर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा आकारते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लावते. साडेतीन टक्क्यांचा आकार असा ४.१३ टक्के होतो. तीन हजार दिरहमवर हे तीन हजार रुपयांहून थोडे अधिक भरतात, म्हणजे नाशिकमध्ये नीट चौकशी करून घेतलेल्या नोटांपेक्षा महाग. दिरहम आधीच भरून घेतलेले प्रवासी कार्ड बहुधा स्वस्त पडते आणि त्यात भाव भरण्याच्या दिवशीच पक्का होतो. मात्र त्यात दिरहमच भरावेत. स्वस्त दिसतो म्हणून डॉलर भरून दिरहममध्ये खर्च केला, तर बट्टा दोनदा बसतो.

एका ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवावेत. दुबईतल्या दुकानात कार्ड यंत्राला लावल्यावर कधी कधी पडद्यावर प्रश्न येतो की रक्कम रुपयांत घ्यायची की दिरहममध्ये. आपल्या ओळखीचे रुपयाचे चिन्ह दिसते आणि बोट आपोआप तिकडे जाते. तिथे नेहमी दिरहमच निवडावा. रुपये निवडले तर भाव त्या यंत्राची सेवा देणारी कंपनी ठरवते आणि त्यात तिचा बट्टा मिसळलेला असतो. पहिल्या प्रवासात मी स्वतः हीच चूक केली होती. जेवणाच्या एका बिलावर गेलेली जादा रक्कम लहान होती, पण ती कळली ती घरी येऊन बँकेचे विवरण पाहिल्यावर.

पाचवी पायरी : तिकडून पैसे येताना

नाशिकच्या बहुसंख्य वाचकांना सर्वांत जास्त उपयोग होईल तो याच भागाचा. तिकडची एक्स्चेंज घरे दोन रीतींनी पैसे कमावतात : शुल्क घेऊन, आणि भावात बट्टा ठेवून. ‘शुल्क नाही’ असा फलक लावणारा दुसऱ्या रीतीने घेत असतो. कोणता स्वस्त, हे रकमेवर ठरते.

समजा पहिले घर १५ दिरहम शुल्क आणि त्यावर तिथला ५ टक्के कर मिळून १५.७५ दिरहम कापते आणि २४.४० भाव देते. दुसरे काहीही कापत नाही आणि २४.१५ भाव देते. मुलाने २,००० दिरहम पाठवले, तर पहिल्याकडून ४८,४१६ रुपये येतील आणि दुसऱ्याकडून ४८,३००. पहिला बरा. तेच ५०० दिरहम पाठवले, तर पहिल्याकडून ११,८१६ आणि दुसऱ्याकडून १२,०७५. इथे दुसरा बरा. या दोघांतला पालटाचा बिंदू १,५३७ दिरहमच्या आसपास येतो. तो काढण्याची रीत सोपी आहे : शुल्काला पहिल्या घराच्या भावाने गुणावे आणि दोन्ही भावांमधल्या फरकाने भागावे. १५.७५ गुणिले २४.४०, म्हणजे ३८४.३०, त्याला ०.२५ ने भागले की १,५३७. यापेक्षा मोठी रक्कम शुल्क घेणाऱ्याकडून पाठवावी, लहान रक्कम बिनशुल्कवाल्याकडून. दर आठवड्याला थोडे थोडे पाठवण्यापेक्षा महिन्यातून एकदा पाठवणे बहुतेकांना स्वस्त पडते, ते याच कारणाने. मुलाला हा हिशेब एकदा फोनवर समजावून सांगावा. महिन्याला शंभर रुपये वाचले तरी वर्षाला घरचा गॅस सिलिंडर निघतो.

भारतातला चलनबाजार शनिवार-रविवारी बंद असतो. एक्स्चेंज घर मात्र उघडे असते आणि सोमवारी भाव कुठे उघडेल हे माहीत नसल्यामुळे ते अनेकदा सुरक्षेसाठी बट्टा वाढवून ठेवते. तेव्हा घाई नसेल तर मंगळवार ते गुरुवार या दिवसांत, भारतात दुपारचे साडेतीन वाजण्यापूर्वी, म्हणजे तिकडे दोनच्या आत पैसे पाठवणे बरे.

पैसे कुठे जमा व्हावेत हेही आधी ठरवावे. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलाने इथले जुने बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमाला धरून नाही. ते एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचे इथल्या कमाईसाठीचे खाते) बदलून घ्यावे लागते. तिकडची कमाई एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचे परदेशातल्या कमाईसाठीचे खाते) ठेवली तर तिच्या व्याजावर इथे आयकर नाही आणि ती रक्कम केव्हाही परत नेता येते. एनआरओ खात्याच्या व्याजावर कर लागतो. आईवडिलांच्या घरखर्चासाठी थेट त्यांच्या खात्यावर पाठवलेली रक्कम ही जवळच्या नातलगाने दिलेली भेट असल्याने तिच्यावर आईवडिलांना कर भरावा लागत नाही. अशा रकमेसाठी कारणाचा संकेतांक पी१३०१ असतो. खातेदाराचे नाव पासबुकात जसे आहे तसेच लिहावे आणि आयएफएससीचे अकरा वर्ण दोनदा ताडून पाहावेत. त्यांतला पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो, ‘ओ’ हे अक्षर नव्हे. पैसे अडकण्याच्या तक्रारींत ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

कोणी ओळखीचा माणूस ‘तिकडे दिरहम द्या, इकडे अर्ध्या तासात रोख घ्या, भावही वरचा देतो’ असे म्हणाला, तर स्पष्ट नकार द्यावा. तो हवाला आहे, परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा उरत नाही.

माल पाठवणाऱ्यांसाठी

कांदा किंवा डाळिंब आखातात पाठवणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो. त्याचा सौदा आज ठरतो आणि पैसे महिना-दीड महिन्याने येतात. समजा २८ टनांचा कंटेनर टनाला ३०० डॉलरने ठरला, तर एकूण ८,४०० डॉलर होतात आणि डॉलर रुपयाने जरी हलला तरी ८,४०० रुपयांचा फरक पडतो. काही जण यावर उपाय म्हणून डॉलरऐवजी दिरहममध्ये बिल करतात. त्याने ही जोखीम कमी होत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे दिरहम म्हणजे वेगळ्या नावाचा डॉलरच आहे. जोखीम कमी करण्याचे खरे मार्ग दोन. पहिला, बँकेशी पुढच्या तारखेचा भाव आजच पक्का करणारा फॉरवर्ड करार करणे. आपले व्याजदर अमेरिकेपेक्षा चढे असतात तोवर पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग धरला जातो आणि तो फायदा निर्यातदाराला मिळतो. दुसरा, रुपयांत बिल करणे. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँक आणि अमिरातींची मध्यवर्ती बँक यांच्यात रुपया-दिरहममध्ये थेट देवघेव करण्याचा समझोता झाला आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये इंडियन ऑइलने अबुधाबीहून घेतलेल्या कच्च्या तेलाचे पैसे रुपयांत दिले. रुपयांत बिल केले की भावाची जोखीम खरेदीदाराकडे जाते. तो ती घ्यायला तयार आहे का आणि त्याबदल्यात किंमत किती पाडून मागतो, यावर निर्णय घ्यावा.

केव्हा बदलावे

भाव आणखी चढेल या आशेने मुलगा तिकडे चार-सहा महिने पैसे अडवून ठेवतो आणि इकडे वडील घराचा हप्ता उसनवारीने भरतात, असे मी पाहिले आहे. कच्च्या तेलाचे भाव, परदेशी गुंतवणूकदारांची ये-जा, अमेरिकेतले व्याजदर आणि रिझर्व्ह बँकेची डॉलर खरेदी-विक्री, या सगळ्यांचा परिणाम डॉलरच्या भावावर होतो आणि त्यातून दिरहमवर. पुढच्या महिन्यात यांतले कोण कोणाला ओढेल हे कोणालाही नेमके सांगता येत नाही. रुपया दीर्घकाळात घसरत आला आहे हे खरे असले, तरी त्या वाटेवर वर्षवर्ष स्थिर राहण्याचे आणि सुधारण्याचेही काळ येऊन गेले आहेत. ज्या खर्चाची तारीख ठरलेली आहे, त्याचे पैसे भावाची वाट न पाहता आणावेत. तारीख नसलेली मोठी रक्कम चार-पाच भागांत, ठरलेल्या अंतराने आणावी. त्यामुळे सर्वांत वाईट दिवशी सगळी रक्कम बदलली गेली असे होत नाही.

परत आल्यावर

प्रवासातून उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या मोलापर्यंत जवळ ठेवता येतात. त्यावरच्या नोटा आल्यापासून १८० दिवसांत परत द्याव्या लागतात. पुन्हा जाणे होणार असेल तर शे-दोनशे दिरहम घरी ठेवणे हे विकून पुन्हा घेण्यापेक्षा स्वस्त आहे, कारण वरच्या फलकाच्या हिशेबाने जाता-येता मिळून सात टक्क्यांहून अधिक बट्टा बसला असता. सुटी नाणी मात्र इथली दुकाने सहसा घेत नाहीत. एक दिरहमच्या नाण्यावर कॉफीची चोचदार सुरई असते आणि ५० फिल्सचे, म्हणजे अर्ध्या दिरहमचे, नाणे सात बाजूंचे असते. परतीच्या विमानात बसण्यापूर्वी ही नाणी काढून मोजावीत आणि विमानतळावर पाण्याची बाटली किंवा चहा घेताना नोटेऐवजी तीच आधी द्यावीत.